दिवसाला नऊ रिंगा

विमलबाई मुंगसे यांना कामावर काम नाही, ही बातमी कुरुळीत पसरली तेव्हा निम्म्या गावानं त्यांचं अभिनंदन केलं. फुकटचा पगार, डोक्यावर पंखा, दोन वेळचा चहा आणि एक वेळचं जेवण, एवढं सुख सरपंचालाही सलग आठवडाभर मिळत नाही, असं पारावर मत पडलं. शेजारच्या यशोदाबाई तर दारातूनच ओरडल्या, "इमल, मागल्या जल्मी काय दान केलंस गं?"

"मागल्या जल्मीचं ठाऊक न्हाई," विमलबाई म्हणाल्या, "पर ह्या जल्मी कुणीतरी माझं हात काढून खुंटीला टांगल्यात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गावाला हे दुखणं कळणं अवघडच होतं. विमलबाई ज्या कंपनीत बावीस वर्षं जात होत्या तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. गावात तिला 'रबरवाली' म्हणतात. तिथं गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या रबरी रिंगा तयार होतात. एकेक रिंग पायातल्या जोडव्याएवढी. ब्रेकचं तेल आतल्या आत ठेवायचं एवढंच तिचं काम, पण तिला केसाएवढी चीर असली तर गाडी जिथं थांबायची तिथं थांबत नाही, दोन-चार माणसं ओलांडून मग थांबते. म्हणून प्रत्येक रिंग डोळ्यांखालून गेली पाहिजे, आणि ते डोळे विमलबाईंचे होते.

एका लांब टेबलावर अकरा बायका बसत. प्रत्येकीपुढे एक दिवा आणि एक भिंग. रिंग दोन अंगठ्यांवर घ्यायची, जराशी ताणायची, एक गिरकी द्यायची आणि टाकायची, डावीकडे चांगली, उजवीकडे वाईट. तासाला सातशे. तोंडानं सुनांच्या, सासवांच्या, भाडेकरूंच्या गोष्टी चालू असत, डोळे मात्र दिव्याखालून हलत नसत. विमलबाईंना तर ट्रेमधल्या पहिल्या दहा रिंगा बघून त्या रबर दाबणाऱ्या कुठल्या प्रेसवरच्या आहेत आणि प्रेसवरच्या माणसाचं घरी भांडण झालंय की नाही, हेही सांगता येई. त्यांच्या नावाचा चार नंबरचा शिक्का होता. तो बसल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. मुंगशांच्या घरातली कंपनीत जाणारी ती पहिली बाई. पहिल्या दिवशी साडीवर राखाडी एप्रन चढवून त्या निघाल्या तेव्हा जावेनं विचारलं होतं, "कंपाउंडर झालीस काय?" तिला उत्तर द्यायला विमलबाईंना वेळ मिळाला नाही, कारण कंपनीची गाडी चुकली असती.

मग कॅमेरा आला. फ्रिजसारखा पांढरा, फ्रिजपेक्षा गार, आणि मिनिटाला दोनशे रिंगा बघणारा. तो गप्पा मारत नव्हता, हळदीकुंकवाला लवकर सुटी मागत नव्हता. टेबलावरच्या दहा बायका ठेकेदाराच्या होत्या. त्यांना पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. अकराव्या विमलबाई, पर्मनंट. पर्मनंट माणूस काढायला कागद लागतात आणि कागदाला वकील लागतो, म्हणून त्या राहिल्या. टेबलही राहिलं, कारण ते दारातून बाहेर निघत नव्हतं.

विमलबाईंना कॅमेऱ्याचा राग आला नाही. खंडेनवमीला कामगारांनी आपापल्या मशीनला हार घातले तेव्हा कॅमेऱ्याला कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनीच त्याला झेंडूची माळ घातली आणि भिंगाला लागणार नाही अशा बेतानं कुंकू लावलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला पण काहीतरी द्या. कॅमेऱ्याला कधीकधी एखाद्या रिंगेचा निर्णय लागत नसे. ती तिसऱ्याच डब्यात पडायची, आणि तो डबा विमलबाईंकडे यायचा. दिवसाला नऊ रिंगा. कधी सात. एकदा चौदा आल्या, तर त्या दिवशी विमलबाई जेवणाच्या रांगेत गुणगुणत होत्या असं कँटीनवाला सांगतो.

नऊ रिंगांना एक मिनिटही पुरे. विमलबाईंनी प्रत्येक रिंग दोनदा बघून ते दोन मिनिटांवर नेलं. तिसऱ्यांदा बघणं म्हणजे रिंगेच्या अब्रूवर संशय घेणं, ते त्यांना पटेना. साडेसहाची शिफ्ट, सहा बत्तीसला काम खलास, सुटी तीन वाजता.

वेळ कसा काढावा हे शिकवायला कंपनीत गुरूंची कमतरता नव्हती. स्टोअरमधले दत्तोबा यात सर्वांत वरचे. सात वर्षं एकच हिरवी फाइल काखेत मारून ते शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझपा चालत होते. "इमलताई," ते म्हणाले, "चाल जरा जोरात ठिवायची आन् कपाळाला आठी. बास. कुणी इचारत न्हाई कुठं चाललाय."

"फायलीत काय हाय?"

"अजून उघडली न्हाई. उघडली की काम निघतं."

विमलबाईंना हे जमेना. पहिला महिना त्यांनी टेबल पुसलं, इतकं की सनमायकाचा रंग उडाला. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आपल्याला इन्स्पेक्टर म्हणून पगार मिळतो आणि इन्स्पेक्टरला दर महिन्याला शंभर लाल टॅगचं पुडकं स्टोअरमधून येतं. काम बंद झालं होतं, टॅग येतच होते. ते थांबवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत प्लांटचे मुख्य रणजीत सर यांच्या सहीचा नियम लावलेला होता: कोणत्याही वस्तूला लाल टॅग लागला की दोष दूर होऊन टॅग लावणाऱ्याची सही झाल्याशिवाय तो कोणीही काढू नये. वस्तू कोणती, हे नियमात म्हटलेलं नव्हतं.

पहिला टॅग भिंतीवरच्या घड्याळाला लागला. दोष: चार मिनिटं मागं. दुसरा वॉशबेसिनच्या नळाला. तिसरा कँटीनमधल्या चहाच्या भांड्याला. कँटीन चालवणारा समाधान बीड जिल्ह्यातला. तो टॅगसकट भांडंच उचलून टेबलापाशी आला तेव्हा रडकुंडीला आला होता.

"आक्का, मपल्या चहाला टॅग? लोक काय म्हणतेल?"

"वाच की. दोष लिवलाय. दूध दिसत न्हाई."

"दूध हाय की आक्का त्याच्यात. देवाशप्पथ हाय."

"मग बाहीर बोलीव त्याला. घाबरलंय का?"

दुसऱ्या दिवशी चहाचा रंग बदलला. अख्ख्या पहिल्या शिफ्टनं दोन-दोन कप घेतले आणि विमलबाईंकडे लोकांची रांग लागली. कुणी सांगे, बाथरूमची कडी बघा. कुणी सांगे, गाडीतली अकरा नंबरची सीट बघा, तिचा खिळा माझ्या तीन पँटी खाऊन बसलाय. विमलबाई सगळीकडे भिंग घेऊन जात, बघत, लिहीत आणि टॅग बांधत. आग विझवायचा लाल डबा आग विझवण्याच्या वयाचा राहिला नव्हता, त्यालाही लागला. लाल डब्याला लाल टॅग, पण त्यांनी दिसेल असा मधोमध बांधला. हे सगळं ठीक चाललं असतं. पण एका सकाळी रणजीत सरांची मोटार पिवळ्या रेषेच्या हातभर बाहेर उभी राहिली, आणि तिच्या वायपरलाही टॅग लागला.

रणजीत सर वाईट माणूस नव्हते. त्यांचं एकच होतं, वर्षाचे बाराही महिने त्यांची महिनाअखेरच चालू असायची. त्यांनी विमलबाईंना बोलावून घेतलं.

"विमलताई, हे काय चाललंय?"

"तपासणी."

"तुमचं काम रिंग तपासायचं आहे."

"व्हय. नऊ झाल्या. अजून हायेत का?"

"नाहीत. मग बसा ना शांतपणे! कुणी काही म्हणतंय का तुम्हाला?"

"कुणी काय म्हनत न्हाई, त्येच तर हाय सायेब. नुसतं बसायला माझ्या घरी ओटा हाय. तितं बसाया गाडीनं यावं लागत न्हाई."

नियम स्वतःच्याच सहीचा असल्यामुळे सरांना टॅग काढता येईना. त्यांनी शेवटी मोटार हातभर आत घेतली, विमलबाईंची सही घेतली आणि त्याच दुपारी एचआरच्या योगिनी मॅडमना फोन केला.

योगिनी मॅडमच्या केबिनमध्ये इतका गारवा असतो की तिथं दिलेली वाईट बातमीसुद्धा ताजी राहते. टेबलावर दोन पत्रं होती. डावीकडचं स्वेच्छानिवृत्तीचं. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' असं त्यात विमलबाईंच्या वतीनं आधीच लिहून ठेवलेलं होतं. उजवीकडचं बदलीचं, कंपनीच्या उत्तराखंडमधल्या प्लांटला.

"विमलताई, यातलं कुठलंही घ्या, तुमच्या फायद्याचंच आहे," योगिनी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

"तितं उत्तराखंडला रिंगा हायेत का बगायला?"

"तिथं... तिथंही कॅमेरा बसलाय आता."

"मग मला कशापाई धाडता? डोंगर तपासाया?"

"एकतीस तारखेपर्यंत सांगा, ताई. सोमवार आहे. डावीकडं सही केली तर प्रश्न मिटला. नाही केली तर उजवीकडचं आम्हाला लागू करावं लागेल."

घरी अर्जुनरावांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मुंगशांनी गावाबाहेर बावीस खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. नवऱ्याचा जीव त्या खोल्यांत होता.

"टाक सही," ते म्हणाले. "बावीस खोल्या हायेत. पाण्याची मोटर कुणी चालू ठिवली, कुणी गच्चीत धुणं वाळत घातलं, बगत बसायचं. काम पायजे ना तुला? मस काम हाय."

"त्ये तुमी बगा. मी राजीखुशीनं जात न्हाई तर राजीखुशी कशी लिवू?"

"अगं, सगळेच लिवत्यात."

"लिवू द्या. काम त्यांनी घालवलं, माझ्या हातनं न्हाई गेलं. मला काढायचं आसंल तर त्यांनी काढावं, सही त्यांची आसावी. माझ्याच हातानं मला काढून घेत्यात व्हय?"

"आन् उत्तराखंडला धाडलं तर?"

विमलबाई उठून मोरीवर गेल्या. बावन्न वर्षांच्या बाईनं घर सोडून तिकडे कुठं जायचं, हे कंपनीलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते पत्र होतं. झोपायची वेळ होईपर्यंत त्या भांडी घासत राहिल्या. घासलेलीच पुन्हा घासली.

एकतीस तारखेच्या आधी आली अठ्ठावीस. त्या शुक्रवारी रिंगा विकत घेणाऱ्या मोठ्या गाडी कंपनीकडून ऑडिटला बाई येणार होत्या. आठवडाभर प्लांटला लग्नघराची कळा आली. पिवळ्या रेषा पुन्हा रंगल्या, कुंड्या भाड्यानं आल्या, दत्तोबांच्या फाइलला नवं कव्हर मिळालं. सगळी तयारी झाल्यावर रणजीत सरांच्या लक्षात आलं की एक वस्तू राहिली आहे आणि तिला रंग देता येत नाही. रिकाम्या टेबलाशी बसलेली बाई ऑडिटला दिसली तर पंचाईत, आणि भिंग घेऊन फिरताना दिसली तर त्याहून मोठी पंचाईत. रजेवर जा म्हणावं, तर विमलबाई म्हणाल्या, "माझी रजा भाचीच्या लग्नाला ठिवलीया."

मग सरांना युक्ती सुचली. गुरुवारी ते स्वतः टेबलापाशी आले.

"विमलताई, उद्या तुमच्यापुढे एक ट्रे असेल. पाचशे रिंगा. मॅडम आल्या की जरा हात चालू ठेवायचा."

"तपासायच्या?"

"तपासलेल्याच आहेत हो, कॅमेऱ्यानं पास केलेल्या. पॅकिंगला चाललेला माल आहे. नुसतं दाखवायचं. इकडची उचलायची, तिकडे ठेवायची."

एवढं बोलून सर निघून गेले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली. माणसाला शिक्षण फार, अनुभवही फार, तरी अशी चूक होते. वर्षभर उपाशी बसलेल्या सुगरणीपुढे भाजी, मसाला, पेटलेली चूल ठेवायची आणि सांगायचं, फोडणी द्यायची नाही, नुसता डाव हलवायचा!

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ट्रे आला आणि विमलबाईंनी दिवा लावला. बोटांना रबरी टोप्या चढवल्या. पहिली रिंग अंगठ्यांवर घेतली, ताणली, गिरकी दिली. दुसरी घेतली. वर्षभरात अंगठे थोडे जड झाले होते. पन्नासाव्या रिंगेला ते सैल झाले, शंभराव्याला पळायला लागले. शेजारी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून त्या रिंगांशीच बोलत होत्या. "तू चांगली. तू बी चांगली. तू जरा जाड हायेस, पर चालंल. आन् तू गं?"

त्या रिंगेच्या आतल्या कडेला चीर होती. केसाएवढी. विमलबाईंनी ती दिव्याजवळ नेली, उलटी केली, पुन्हा ताणली. चीर डोळा उघडावा तशी उघडली. त्यांनी ती उजवीकडे ठेवली. उजवी बाजू वर्षभरात पहिल्यांदाच वापरात आली होती. पुढं तशीच एक निघाली. मग दोन. दहा वाजेपर्यंत अकरा झाल्या, आणि अकराही एकाच जागी चिरलेल्या.

तेवढ्यात ऑडिटच्या बाई आल्या. उत्कर्षा नाव, वय तिशीच्या आतलं, पायात जड बूट, बोलणं कमी. रणजीत सर त्यांच्या मागून हसत येत होते. "आणि ही आमची ज्यादा तपासणी, मॅडम. कॅमेरा आहेच, पण आम्ही म्हटलं, माणसाचा डोळा तो माणसाचा डोळा."

उत्कर्षा टेबलाशी थांबल्या. "मावशी, काय बघताय?"

"आतली कड. बगा ही," म्हणून विमलबाईंनी भिंग त्यांच्या हातात दिलं.

रणजीत सरांचं हसू जागच्या जागी थांबलं. उत्कर्षांनी एक बघितली, मग दुसरी, मग अकराही बघितल्या. "हा ट्रे कुठून आला?"

"पॅकिंगवरनं."

"म्हणजे पास झालेला माल?"

"व्हय. सायेबांनी दिला. दाखवाया," विमलबाई म्हणाल्या.

उत्कर्षांनी अकरा रिंगा कॅमेऱ्याखालून पाठवल्या. अकराही चांगल्याच्या डब्यात टणाटणा उड्या मारत गेल्या. पुन्हा पाठवल्या, पुन्हा तेच. मग त्यांनी मशीनची सेटिंग उघडून बघितली. तिथं सगळं लिहिलेलं होतं: बावीस तारखेला, शनिवारी दुपारी, कॅमेऱ्याची कडक नजर दोन पायऱ्या सैल केली होती. त्या आठवड्यात माल फार बाद होत होता आणि आकडा गाठायचा होता. भोवतीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "हा कॅमेराच बोगस आहे."

"त्याला काय बोलू नका," विमलबाई एकदम म्हणाल्या. "त्याचं डोळं चांगलं हायेत, माझ्यापरीस चांगलं. तुमी त्याला डोळं झाक म्हनला, त्यानं झाकलं. त्याला कुठं न्हाई म्हनता येतंय?"

उत्कर्षा पहिल्यांदा हसल्या, तेही जेमतेम. मग त्यांनी वहीत लिहिलं आणि तेच मोठ्यानं सांगितलं. बावीस तारखेपासूनचा सगळा माल थांबवायचा. गोदामात अठरा हजार रिंगा आहेत, त्या डोळ्यांनी तपासायच्या. सोमवारी त्या पुन्हा बघायला येतील. आणि संध्याकाळपर्यंत लेखी रिपोर्ट हवा: दोष कसा सापडला, कुणाला सापडला, पुढे काय करणार. खाली दोष शोधणाऱ्या इन्स्पेक्टरची सही.

अडीच वाजता विमलबाईंना रणजीत सरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. योगिनी मॅडमही होत्या. विमलबाईंना बसायला खुर्ची मिळाली, समोर समाधाननं चहा आणून ठेवला, बशीत दोन बिस्किटं. बिस्किटं बघितल्यावर विमलबाई सावध झाल्या.

रिपोर्ट टाइप होऊन तयार होता. विमलबाईंनी ओळीखाली बोट धरून तो वाचला. 'कॅमेऱ्याच्या तपासणीनंतर प्रत्येक लॉट अनुभवी इन्स्पेक्टरकडून रोज पुन्हा तपासण्यात येतो. या नियमित तपासणीत सदर दोष आढळून आला.'

"रोज?" त्यांनी विचारलं.

"असं लिहावं लागतं, ताई," सर म्हणाले. "दोष आपल्याच पद्धतीनं पकडला असं दिसलं की कंपनी सुटते. नाहीतर ऑर्डर जाईल. पोटं आहेत दोनशे माणसांची."

"मला रोज नऊ येत्यात."

योगिनी मॅडम पुढे वाकल्या. "विमलताई, ही सही झाली की ती दोन पत्रं मी बाजूला ठेवते. ना राजीनामा, ना उत्तराखंड. तुमचं काम कागदावर पक्कं होतंय, बघा."

पेन हातात आलं होतं. विमलबाईंना तो मोह पडला नाही असं नाही. सही केली की सोमवारची टांगती तलवार उतरणार होती, अर्जुनरावांना सांगायला उत्तर मिळणार होतं. पण नजर पुन्हा त्या 'रोज'वर गेली. रोज म्हणे! वर्षभर रोज त्यांनी घड्याळाचे काटे मोजले होते. दहा बायका घरी बसल्या होत्या. सही केली तर ते सगळं झालंच नव्हतं असं ठरणार होतं. आणि सोमवारी मॅडम बघून गेल्या की ट्रे उचलला जाणार, टेबल पुन्हा रिकामं, कागद मात्र भरलेला. मग काम द्या म्हणून ओरडायला तोंड कुठलं? सर म्हणतील, तुम्हीच तर लिहून दिलंय, रोज असतं म्हणून.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आदी खरं करा, मग लिवते."

"म्हणजे?"

"कोरा कागद द्या."

कोरा कागद आला. विमलबाईंनी मोठ्या, गोल अक्षरात लिहायला घेतलं. त्यांना घाई नव्हती. टॅगवर लिहून लिहून त्यांची भाषा आटोपशीर झाली होती. 'आज ट्रे दाखवण्यासाठी दिला होता. मी तपासला. पाचशेपैकी साडेतीनशे बघून झाल्या, अकरा वाईट. दीडशे राहिल्या, त्या दुपारी बघितल्या, अजून चार वाईट. मागचं एक वर्ष मला दिवसाला नऊ रिंगा मिळत होत्या. उद्यापासून प्रत्येक लॉटचा ट्रे रोज तपासायला मिळेल असं साहेब म्हणाले.'

"मी असं कधी म्हणालो?" सर खुर्चीतून उठलेच.

"आजून न्हाई म्हनला. म्हना की आता."

"ताई, तो 'दाखवण्यासाठी' शब्द तरी काढा."

"मग तितं काय लिवू?"

"काहीच नका लिहू."

"काहीच न्हाई ते मी वर्सभर केलं सायेब. आता व्हत न्हाई माझ्याच्यानं."

योगिनी मॅडमनी गोडवा आवरता घेतला. "ते बदलीचं पत्र अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे हं, विमलताई."

"आसू द्या. लावा लागू. सोमवारी त्या बाई येतील. इचारतील, रिंगा धरनारी मावशी कुठं हाय? तर सांगा, ती उत्तराखंडला धाडली." विमलबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "आन् अठरा हजार रिंगा कोन बगनार त्ये बी सांगा. दत्तोबा हायेत म्हना, फायल घिऊन."

सरांनी कागद उलटा ठेवला, सुलटा ठेवला. त्यांच्या डोक्यात सोमवार, अठरा हजार आणि दोन दिवस असा हिशेब चालला होता आणि तो कुठूनही मांडला तरी बसत नव्हता.

"आठवड्यातून तीन दिवस ट्रे दिला तर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"रोज."

"रोज प्रत्येक लॉट म्हणजे एका माणसाचं काम नाही ते!"

"न्हाईच. चौघी लागतील. त्ये बी लिवते," असं म्हणून त्यांनी खाली एक ओळ वाढवली आणि कागद सरांपुढे सरकवला. "हितं तुमची."

रणजीत सरांनी सही केली. करताना त्यांचा चेहरा भाजीवाल्यानं वजनात फसवल्यासारखा झाला होता, पण सही स्वच्छ होती, तारखेसकट. मग विमलबाईंनी आपली केली आणि बाजूला चार नंबरचा शिक्का उमटवला. योगिनी मॅडमनी ती दोन पत्रं फाडली नाहीत. त्यांनी ड्रॉवर नुसता बंद केला. विमलबाईंनी ते बघून ठेवलं.

तीनची गाडी केव्हाच गेली होती. गेटवरच्या कपाटातून विमलबाईंनी मोबाइल घेतला आणि गोजाबाईंना फोन लावला. काढलेल्या दहा जणींतल्या या एक. नऊ वर्षं टेबलावर विमलबाईंच्या डाव्या हाताला बसलेल्या, आता निघोज्यात एका खानावळीत पोळ्या लाटत होत्या. फोनमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"गोजा, उद्या सकाळी येतीस का?"

"कुठं?"

"टेबलाव."

"का गं? कॅमेरा मेला व्हय?"

"न्हाई, धडधाकट हाय. सायेबांनीच बिगडवला व्हता. तू येतीस का सांग. अजून दोघी जनी बग."

"अगं, हितं दीडशे पोळ्या हायेत रोजच्या. ही बाई सोडायची न्हाई मला. किती दिसाचं काम हाय त्ये तर सांग."

"अठरा हजार रिंगा हायेत आत्ता गोदामात."

गोजाबाईंनी मनातल्या मनात तासाला सातशेनं भाग दिला. "त्या तर एका दिसात उरकतील चौघींत. मग? फुडं काय?"

"फुडचं लिवून घेतलंय."

"कंपनीनं लिवलेलं पाळलंय कदी?"

"न्हाई पाळलं तर भांडू की. चौघी आसू आता," विमलबाई म्हणाल्या. "तू चष्मा आन बरूबर."